कांद्याच्या गोंड्यातले कायझ्मे कसे मोजावेत

गुणसूत्रांच्या जोडीत क्रॉसओव्हर, म्हणजे तुकड्यांची अदलाबदल, नेमका कुठे होतो हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कांदा घ्या. तो झाला तिथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी फुली म्हणजे कायझ्मा. जोड्या आठच, आणि गुणसूत्रं चांगली मोठी. डेंगळे (फुलांचे दांडे) आलेलं रोप शेतकरी उपटूनच टाकतो, त्यामुळे मागितलं की मिळतं.

फुलांच्या गोंड्यावरचा पापुद्रा फुटायच्या बेतात असतानाच तो सकाळी तोडा. उमललेल्या फुलांत परागकण तयार झालेले असतात, ती बिनकामाची. कळ्या 3 भाग अल्कोहोल आणि 1 भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये 24 तास, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये फ्रीजात.

एका गोंड्यात सगळ्या वयाच्या कळ्या असतात. कळीतल्या सहांपैकी एकच परागकोश आधी तपासा, अवस्था जुळली (पेशी अर्धसूत्री विभाजनात असल्या) तरच बाकीचे फोडा. अ‍ॅसिटोकार्माइनच्या (गुणसूत्रं रंगवणाऱ्या लाल रंगाच्या) थेंबात लोखंडी सुईने ठेचा (लोखंडाने रंग गडद होतो), भिंतीचे तुकडे काढा, वर पातळ काच ठेवा, किंचित गरम करा, टिपकागदाखाली सरळ दाबा. काच सरकली तर दुसरी स्लाइड करा.

आता खरी अडचण. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. डिप्लोटीनमध्ये (जोडीतली गुणसूत्रं अलग होऊ लागतात ती अवस्था) दोन गुणसूत्रं एकमेकांवरून नुसती गेली तरी ती फुलीसारखी दिसतात, आणि नवखा माणूस प्रत्येक फुलीला कायझ्मा म्हणतो. फाइन फोकस सावकाश फिरवा. एक धागा आधी स्पष्ट झाला, दुसरा नंतर, आणि दोन्ही आपापल्या वाटेने पुढे गेले, तर तो निव्वळ पीळ. खऱ्या कायझ्म्यात क्रोमॅटिड (प्रत्येक गुणसूत्राचे दोन जुळे धागे) जोडीदार बदलतात, आणि त्याच्या दोन बाजूंचे फुगे बहुधा एकमेकांना काटकोनात असतात. शंका उरली तर मेटाफेज 1 (जोड्या पेशीच्या मध्यावर येतात ती पुढची अवस्था) बघा. तिथे पीळ सुटलेले असतात. दोन्ही भुजा जोडलेली जोडी कडीसारखी, म्हणजे किमान दोन कायझ्मे. एकच भुजा जोडलेली असेल तर ती दांडीसारखी दिसते. पण जवळजवळचे दोन कायझ्मे या अवस्थेत एकच भासतात. म्हणून मेटाफेजमध्ये मोजलेली संख्या किमान समजा, आणि जागा स्वच्छ डिप्लोटीनवरूनच ठरवा: सेंट्रोमिअरजवळ (दोन भुजांमधल्या सांध्याजवळ), मध्ये की टोकाला.

एखादी जोडी कळली नाही तर ती पूर्ण पेशीच सोडून द्या. ‘अवघड तेवढी जोडी वगळा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो घातक आहे. अवघड दिसतात त्या बहुधा जास्त कायझ्मे असलेल्याच जोड्या, त्या गाळल्या की सरासरी खाली येणारच.

दुसरी जुनी खोड म्हणजे कायझ्मे टोकाकडे सरकतात असं गृहीत धरणं. टीझ आणि जोन्स या संशोधकांनी 1978 मध्ये टोळाच्या गुणसूत्रांचे क्रोमॅटिड वेगवेगळे रंगवून दाखवलं की अदलाबदल जिथे झाली तिथेच कायझ्मा दिसतो. तेव्हा दिसेल ती जागा तशीच लिहा.

आकडे हाती आले की एक हिशेब कराच. समजा जोडीमागे सरासरी 2 कायझ्मे आले. सगळं नशिबावर असतं तर सुमारे 13.5 टक्के जोड्यांत एकही नसता, म्हणजे दर पेशीत साधारण एक जोडी सुटी पडली असती. तुमच्या स्लाइडवर मात्र पेशीमागून पेशीत आठही जोड्या बांधलेल्या दिसतील. प्रत्येक जोडीला किमान एक क्रॉसओव्हर मिळतोच, आणि झालेला क्रॉसओव्हर शेजारी दुसरा सहसा होऊ देत नाही. यालाच इंटरफिअरन्स म्हणतात. जनुकीय नकाशाची लांबी हवी असेल तर पेशीतल्या सरासरी कायझ्म्यांना 50 सेंटिमॉर्गनने (हे त्या नकाशाचं एकक) गुणा, कारण प्रत्येक कायझ्म्यात चारपैकी दोनच क्रोमॅटिड भाग घेतात.

जमलं तर कांद्याच्या जवळच्या जातीची, अ‍ॅलियम फिस्टुलोसमची, एक स्लाइड शेजारी ठेवा. बाजारातली पात म्हणजे हा नव्हे, ती बहुतेक साध्याच कांद्याची असते. याच्याही जोड्या आठच, पण कायझ्मे सेंट्रोमिअरला चिकटून आणि लांब भुजा मोकळ्या, त्यामुळे मेटाफेजमध्ये जोड्या क्रुसासारख्या दिसतात. इतक्या जवळच्या नात्यात वाटणी इतकी वेगळी, म्हणून एका जातीची सरासरी दुसरीला लावू नका.