फिशटँकसाठी हीटर घेताय? या चुका टाळा

दिवाळी उलटली की पुण्या-नाशिककडे माशांच्या दुकानात हीटरची चौकशी सुरू होते. दुकानदार विचारतो, "टँक किती फुटी?" आपण सांगतो, "दोन फुटी." तो हाताला येईल तो शंभर-दोनशे वॉटचा हीटर काढून देतो. पाणी किती अंशांनी वाढवायचंय, हे मात्र कोणी विचारत नाही. खरं तर हीटर ठरतो तो त्यावरही.

म्हणून आधी थर्मामीटर घ्या. दोन-तीन दिवस पहाटे, म्हणजे पाणी सर्वांत गार असतं तेव्हा, तापमान बघा. गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल यांना साधारण 24 ते 27 अंश मानवतं. पहाटे पाणी 21 भरत असेल तर तुम्हाला चार-पाच अंशच हवेत. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर बऱ्याच घरांत पाणी फारसं उतरतच नाही, तिथे हीटर न घेतला तरी चालतो. डिस्कस पाळणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना 28 ते 30 लागतं. आणि टँकमध्ये फक्त गोल्डफिश असतील तर हे पैसे चांगल्या फिल्टरवर घाला. तो थंड पाण्यातला मासा आहे.

आता लिटर काढा. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. 60 × 30 × 30 चा टँक 54 लिटरचा. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी उरतं 45च्या आसपास. चार-पाच अंशांसाठी लिटरमागे एक वॉट पुरतो, म्हणजे 50 वॉट. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीत, खिडक्या उघड्या राहणाऱ्या खोलीत आठ-दहा अंशांचा फरक पडत असेल तर 100 घ्या.

"मोठाच घेऊ, लवकर तापेल" हा विचार सर्वांत महागात पडतो. हीटरमधला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेलं तापमान आलं की हीटर बंद करणारा स्विच, कधी ना कधी बिघडतो, आणि बऱ्याचदा चालू अवस्थेतच अडकतो. 45 लिटर पाण्यात 300 वॉटचा हीटर असा अडकला तर दर दहा-अकरा मिनिटांना एक अंश चढतो. तुम्ही बाजारात जाऊन येईपर्यंत पाणी 33-34 वर गेलेलं असतं. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. 50 वॉटचा अडकला तर पाणी हळूहळू चढतं आणि थंडीच्या दिवसांत काही अंशांवर थबकतं. तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. मोठ्या टँकला तर मी एका मोठ्याऐवजी निम्म्या वॉटचे दोन हीटरच सुचवेन. एक अडकला तरी मासे शिजत नाहीत, एक बंद पडला तरी गारठत नाहीत.

पाणी चढलेलं दिसलं तर हीटरचा प्लग काढा, हवेचा पंप वाढवा, थोडं-थोडं पाणी बदला. बर्फ टाकू नका. तापमानाचा झटका बसला की माशांची प्रतिकारशक्ती खचते आणि मग अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. तो अडकलेला हीटर परत वापरू नका.

हीटरचा दिवा पेटलाय, पण पाणी तापत नाही? टँकला झाकण आहे का बघा, बरीच उष्णता उघड्या पृष्ठभागावरून जाते. हीटर कोपऱ्यात, साचलेल्या पाण्यात असेल तर तेवढाच कोपरा तापतो आणि थर्मोस्टॅट लवकर बंद होतो. तो फिल्टरच्या प्रवाहाजवळ, आडवा किंवा तिरपा लावा. खडीला टेकवू नका. डायलवरचा आकडा एक-दोन अंशांनी चुकू शकतो, म्हणून थर्मामीटर हीटरपासून लांबच्या टोकाला ठेवा आणि त्याचंच खरं माना.

पाणी बदलताना हीटर चालू राहिला तर उघडी पडलेली काच तापते आणि गार पाणी लागताच तडकते. प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच पाणी उपसा.

काही जण बादलीत पाणी तापवायचा रॉड टँकमध्ये सोडतात. हे अजिबात करू नका. त्याला तापमान राखण्याची सोय नसते, आणि शॉक माशांनाच नव्हे, हात घालणाऱ्यालाही लागू शकतो. टँकच्या हीटरलाही अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट हवाच, लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर उत्तम. वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी खालीच गळेल.

रात्री वीज जाणाऱ्या गावात टँकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना थर्माकोल लावून ठेवा. वीज आल्यावर डायल वाढवायची घाई करू नका, हीटरला त्याच्या गतीने पाणी तापवू द्या.