युद्धातली विमानं नुसत्या आकारावरून कशी ओळखायची

नाशिकजवळच्या ओझरला लहानपण गेलेल्या माणसाला विमानाचा आवाज आला की मान आपोआप वर जाते. आमच्याकडे गावाच्या नावापुढे लोकं अजून मिग लावतात, ओझर मिग. १९६४ साली विमानांचा कारखाना आला तो मिग-२१ साठी, मग मिग-२७ झालं, मग सुखोई, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्याच लाइनवरचं तेजस मार्क-१ए उडालं. त्यामुळे आजची विमानं ओळखणारी पोरं नाशकात भरपूर आहेत, पण दुसऱ्या महायुद्धातला किंवा १९७१ चा जुना फोटो समोर ठेवला की तीच पोरं अडकतात. हे शिकता येतं, आणि दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी येतं, फक्त सुरुवात योग्य जागेवरून करायला हवी.

सगळ्यात आधी रंग विसरा. संक्रांतीला गच्चीवर उन्हाकडे तोंड करून बघितलं की लाल काय आणि हिरवा काय, सगळे पतंग काळेच दिसतात, तरी आपल्याला कळतं ना कुठला शेपटीवाला आणि कुठला बिनशेपटीचा. विमानाचं तसंच आहे, आकाशात ते काळी सावली म्हणूनच दिसतं आणि जुन्या फोटोत तर रंग नसतातच. शिवाय खुणांवर विसंबून राहावं तर त्या खुणा युद्धातच बदलत गेल्या. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा म्हणून अमेरिकेने १९४२ मध्ये आपल्या चांदणीच्या मधला लाल ठिपका काढून टाकला, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिशांनी आणि आपल्या हवाई दलानेही गोलातला लाल रंग काढला. १९४४ ला नॉर्मंडीच्या वेळी तर दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टेच मारले, कारण खालून आपल्याच लोकांनी आपलीच विमानं पाडू नयेत.

ही भीती खरी होती. ६ सप्टेंबर १९३९, ब्रिटन युद्धात उतरून तीनच दिवस झालेले, आणि स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या वैमानिकांनी स्वतःच्याच हवाई दलाच्या दोन हरिकेन पाडल्या, त्यात एक वैमानिक गेला. गोंधळ जमिनीवरच्या यंत्रणेतूनच सुरू झाला होता, पण समोरचं विमान आपलं आहे हे शेवटच्या क्षणी कुणाच्याच डोळ्याला पटलं नाही. मला हा विषय नुसता छंद वाटत नाही तो यामुळेच.

आता पद्धत. त्या काळी इंग्रजीत शिकवायचे ते वेफ्ट, म्हणजे पंख, इंजिन, धड, शेपूट, याच क्रमाने बघायचं. पंख वर बसवलेत, मधे की खाली, सरळ आहेत, मागे वळलेत की त्रिकोणी. इंजिन किती आणि कुठे. धड बारीक की पिंपासारखं. शेपटीला उभा पंख एक की दोन. पहिले पंधरा दिवस हेच करा, वहीत लिहून करा. पण कायम यावर राहू नका असं माझं ठाम मत आहे, कारण विमान डोक्यावरून जायला सेकंद लागतात आणि यादी संपेपर्यंत ते गेलेलं असतं. म्हणून अमेरिकेत युद्धातच चित्र पडद्यावर क्षणभर झळकवून ओळखायला लावायची पद्धत आली, म्हणजे डोळ्याने अख्खा आकार एकदम उचलायचा. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलात तर तिथला जाणता माणूस काय पिसं मोजत बसत नाही, शेपूट दुभंगलेली दिसली की घार, आणि पंख व्ही सारखे वर धरून पाण्यावर तरंगत आला की भोवत्या, झालं. आपल्याला तिथपर्यंत पोचायचंय.

त्यासाठी एकेकटं विमान पाठ करू नका, घोटाळा होणाऱ्या जोड्या घ्या. पहिली जोडी स्पिटफायर आणि हरिकेन. खालून बघा, स्पिटफायरचा पंख पुढून-मागून दोन्हीकडून वळत टोकाशी निमुळता होतो, पाकळीसारखा, आणि हरिकेनचा पंख जाड, जवळजवळ सरळ, फक्त टोकं गोल. बाजूने बघितलं तर हरिकेनला कॉकपिटच्या मागे पाठीला पोक आहे. रेडिएटर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा भाग बघा, हरिकेनचा पोटाखाली मधोमध, स्पिटफायरचा पंखाखाली, सुरुवातीच्या मॉडेलात तर एका बाजूला मोठा आणि दुसऱ्या बाजूला छोटा ऑइल कूलर अशी विजोड जोडी. चाकं उघडी असतील तर अजून सोपं, स्पिटफायरची जवळजवळ आणि हरिकेनची ऐसपैस. पण एक लक्षात ठेवा, काही स्पिटफायरच्या पंखांची टोकं मुद्दाम छाटलेली असायची, कमी उंचीवर पटकन कलंडता यावं म्हणून, तेव्हा नुसत्या पाकळीवर भरवसा ठेवलात की फसलात. यात तिसरं म्हणून जर्मन मेसरश्मिट १०९ घाला. त्याचं ई मॉडेल म्हणजे टोकं चौकोनी आणि शेपटीच्या आडव्या पंखाला खालून टेकू, पुढे एफ आणि जी ला टोकं गोल झाली आणि टेकू गेले.

बॉम्बरचं इतकं अवघड नाही. चार इंजिनं आणि शेपटीला एकच मोठा उभा पंख तर बहुधा अमेरिकन बी-१७, दोन उभे पंख असतील तर बहुधा ब्रिटिश लँकॅस्टर किंवा अमेरिकन लिबरेटर, आणि त्यातला लिबरेटर म्हणजे लांब सडपातळ पंख धडाच्या वरच्या अंगाला. आपल्या हवाई दलाने युद्धानंतर कानपूरला सोडून दिलेले लिबरेटर बंगळुरूला दुरुस्त करून १९६८ पर्यंत वापरले, म्हणून ते विमान आपल्याला माहीत असायलाच पाहिजे.

सरावाला महागडं काही लागत नाही. लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्या, वरून दिसतो तसा आकार ७२ पट लहान करून कापा आणि काळा पोस्टर कलर द्या. या मापात स्पिटफायरचे पंख साडेपंधरा सेंटीमीटर येतात, लँकॅस्टरचे त्रेचाळीस. ७२ पट का, तर हे कार्ड ११ मीटरवरून बघितलं की खरं विमान ८०० मीटरवर जसं दिसेल तेवढंच दिसतं. १९४२ ला अमेरिकेतल्या शाळकरी पोरांकडून लाखोंनी काळी मॉडेलं करून घेतली ती याच मापाची. अकरा मीटर म्हणजे साधारण पंधरा-सोळा पावलं, गच्ची तेवढी असतेच. कार्ड पतंगाच्या साध्या दोऱ्याला बांधायचं, दुसऱ्याने चादरीमागून बाहेर काढून एक-दोन सेकंद दाखवायचं आणि परत मागे. समोरून आणि बाजूने बघायची सवय मात्र कार्डाने होत नाही, त्याला प्लॅस्टिकचं किट जोडून घ्या.

आता १९७१, माझा सगळ्यात आवडीचा भाग. २२ नोव्हेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर, बोयऱ्यावर आपल्या नॅटची पाकिस्तानी सेबरशी गाठ पडली, तीच जोडी आधी घ्या. दोघांचे पंख मागे वळलेले. सेबरचं नाक म्हणजे उघडं तोंड, हवा तिथूनच आत जाते, पंख खाली बसवलेले. नॅटचं नाक टोकदार, हवेची तोंडं दोन्ही बाजूंना, पंख खांद्यावर आणि टोकं किंचित खाली झुकलेली. पंखांची लांबी नॅटची पावणेसात मीटर, सेबरची सव्वाअकरा, पण आकाशात शेजारी काही नसताना लहान-मोठं कळत नाही म्हणून मापावर जाऊ नका. आपल्या हंटरलाही टोकदार नाक असतं, पण त्याची हवेची तोंडं पंखाच्या मुळाशी त्रिकोणी. आपलं सुखोई-७ आणि पाकिस्तानकडचं एफ-६ ही दोन्ही नाकाने हवा घेतात, सुखोईच्या तोंडात शंकू दिसतो आणि मागे इंजिनाच्या झोताचं एकच नळकांडं, एफ-६ ला दोन. पाकिस्तानचं स्टारफायटर कुणालाही ओळखू येतं, पेन्सिलीला चिकटवलेले दोन आखूड पंख आणि शेपूट इंग्रजी टी सारखी.

राहिली त्रिकोणी पंखांची जोडी. मिग-२१ ला त्रिकोणी पंखांच्या मागे वेगळे आडवे शेपटीचे पंख आहेत, पाकिस्तानच्या मिराज-३ ला ते नाहीतच, नुसता त्रिकोण. आपल्या तेजसलाही नाहीत, त्यामुळे ओझरच्या आभाळात हीच गोष्ट आजही डोळ्याला शिकवता येते. फक्त कंपाउंडजवळ कॅमेरा काढू नका, तिथे बंदी असते आणि ती पाळायची, आपल्याला डोळे पुरतात.

गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन गच्चीवर बसलो होतो. मिराजचं कार्ड दोनदा दाखवलं, दोन्ही वेळा तो म्हणाला मिग-२१, कारण त्याला त्रिकोण दिसला की मिगच आठवतो, आजोबांच्या कारखान्यातलं. मी म्हटलं, "त्रिकोण बघितलास, आता त्याच्या मागची मोकळी जागा बघ." तिसऱ्यांदा कार्ड जेमतेम सेकंदभर बाहेर होतं.

"मागे काहीच नाही मामा. मिराज."

मी त्याला आणखी चार पावलं मागे सरकायला सांगितलं आणि पुढचं कार्ड बांधायला घेतलं.