रमजानमधील आहार : सहेरी भक्कम, इफ्तार बेताचा

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला, तर रोजा साधारण १३ तासांचा होतो. एवढा वेळ अन्नपाण्याविना नीट जावा, असे वाटत असेल तर संध्याकाळी रोजा सोडतानाच्या इफ्तारपेक्षा पहाटे रोजा सुरू होण्याआधीच्या सहेरीकडे अधिक लक्ष द्यावे.

झोप मोडवत नाही म्हणून सहेरी टाळणे किंवा गरम दुधात साखर घालून भिजवलेल्या फेणीवर ती भागवणे, या दोन्ही सवयी अकरा-बारा वाजताच जाणवू लागतात. फेणी म्हणजे तळलेला मैदा. ती चवीला कितीही उत्तम असली तरी पोटात फार वेळ टिकत नाही. त्याऐवजी ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, सोबत मटकीची उसळ अथवा दोन अंडी आणि वाटीभर दही घेतले, तर कोंडा आणि प्रथिने यांमुळे पचन सावकाश होते व भूक उशिरा लागते. लोणचे, पापड आणि रात्रीचे उरलेले तिखट-खारट कालवण पहाटे खाऊ नये, कारण दिवसभर तहान लागते. शेवटच्या पाच मिनिटांत तांब्याभर पाणी घशाखाली उतरवण्याचाही उपयोग नाही. त्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. पहिल्या काही रोजांत डोके दुखते ते पुष्कळदा चहा तुटल्यामुळे, म्हणून रमजानच्या आठवडाभर आधीपासूनच कप कमी करत जावेत.

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, अजान झाल्यावर खजूर आणि पाणी घेऊन रोजा सोडण्याची रीत आरोग्याच्या दृष्टीनेही सोयीची आहे, कारण खजुरातील साखर रक्तात लवकर मिसळते. त्यानंतर फळे, उकडलेले चणे किंवा सूप घेऊन नमाज पढावी आणि मगच जेवायला बसावे. एवढ्या अवधीत पोट भरल्याची जाणीव होऊ लागते आणि ताटात हात आपोआप आवरता राहतो. भजी, खिम्याचे समोसे आणि रंगीत सरबते महिनाभर रोज दस्तरखानावर असली, तर उपवास करूनही वजन वाढते. मुंबईतील मीनारा मशिदीजवळच्या मालपुव्याला माझा विरोध नाही; तो एखाद्या संध्याकाळी चौघांत वाटून खावा. खिचड्याला मात्र उगाच जड म्हणून नावे ठेवली जातात. गहू, डाळी आणि मटण एकत्र शिजवलेला हा पदार्थ, वरचे तूप व तळलेला कांदा आवरता घेतल्यास, एका वाडग्यात पुरेसे जेवण देतो. पाणी इफ्तारपासून सहेरीपर्यंत पेला-पेला करून सुमारे दोन लिटर प्यावे. तरावीहला, म्हणजे रमजानमधील रात्रीच्या खास नमाजाला, जाताना बाटली सोबत असू द्यावी.

मधुमेह असणाऱ्यांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा व मात्रा ठरवून घ्याव्यात, आणि खजूर एकच खावा. बोटाला सुई टोचून रक्तातील साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा (धर्मपंडित) सांगतात. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर सूर्यास्ताची वाट न पाहता रोजा सोडावा. आजारी आणि प्रवासी माणसांना कुराणानेच सवलत दिलेली असून, राहिलेले रोजे पुढे तब्येत सुधारल्यावर, हवे तर हिवाळ्यातील लहान दिवसांत, पूर्ण करता येतात.