सत्तरीपुढचा जांघेतला हर्निया : दुर्बिणीने की ओपन?

हर्नियाचं निदान झालं की घरात पहिला प्रश्न निघतो, 'दुर्बिणीने करायचं ना?' वयस्कर माणसाच्या बाबतीत आधी भुलेचं बघा. दुर्बिणीच्या ऑपरेशनला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते. ओपन ऑपरेशन नुसत्या जांघेत इंजेक्शनं देऊन, पेशंट जागा असतानाही होतं. दोन जिने न थांबता चढणाऱ्या ऐंशीच्या माणसाला पूर्ण भूल सहसा झेपते. पासष्टीचाच, पण हृदयाचं पंपिंग कमी असलेला किंवा बसल्या जागी धाप लागणारा असेल, तर जागेवरची भूल देऊन ओपन बरं. म्हणून पद्धत पक्की करण्याआधी भूलतज्ज्ञांना दाखवा, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नव्हे.

ओपनमध्ये जांघेत साधारण 6 सेंमीचा छेद घेतात, पोटातून बाहेर आलेला भाग आत सारतात आणि कमकुवत जागेवर सुमारे 7 बाय 15 सेंमीची जाळी शिवतात. पेशंट जागा असेल तर जखम बंद करण्याआधी सर्जन 'काका, जोरात खोका' म्हणतात. जाळी नीट बसली का, ते तिथल्या तिथे कळतं. दुर्बिणीत बेंबीजवळ 10 मिमीचं एक आणि 5 मिमीची दोन छिद्रं करतात, कार्बन डायऑक्साइडने जागा फुगवतात आणि किमान 10 बाय 15 सेंमीची जाळी स्नायूंच्या मागे पसरतात. हा वायू रक्तात शोषला जातो आणि फुप्फुसांनाच तो बाहेर टाकावा लागतो. दम्याच्या, सीओपीडीच्या (फुप्फुसांतल्या श्वासनळ्या अरुंद करणारा जुनाट आजार) पेशंटला अडचण इथे येते.

भूल झेपणार असेल, तर हर्निया दोन्ही बाजूंना असताना किंवा ओपन करून पुन्हा आलेला असताना दुर्बीणच चांगली : दुखणं कमी, हिंडणं-फिरणं लवकर. बायकांमध्येही दुर्बीण बरी, कारण त्यांचा हर्निया पुष्कळदा मांडीच्या मुळाशी असतो आणि तो ओपनमध्ये वरून पटकन सापडत नाही. तो अडकतोही लवकर, म्हणून आजीच्या जांघेतली गाठ दुखत नाही म्हणून ठेवून देऊ नका. आजोबांचा न दुखणारा, आडवं झाल्यावर आत जाणारा हर्निया मात्र सर्जनच्या देखरेखीखाली काही काळ तसाच ठेवता येतो. प्रोस्टेटच्या (पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी) कॅन्सरचं ऑपरेशन किंवा ओटीपोटाला रेडिएशन झालं असेल, तर आतले थर चिकटलेले असतात, तिथे ओपन. दुर्बिणीने केलेला पुन्हा आला, तरीही ओपन. आणि सर्जनना मोकळेपणाने विचारा, 'तुम्ही दुर्बिणीने अशी किती केलीत?' या कामात हात बसायला 50 ते 100 ऑपरेशनं जातात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा कागद दोन आठवडे आधीच दाखवा. क्लोपिडोग्रेल साधारण 5 ते 7 दिवस, वॉरफरिन 5 दिवस आधी थांबवतात. अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनचा असर असताना कमरेत सुई देऊन भूल दिली, तर मणक्यात रक्त साकळू शकतं. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही सांगा, ती 3 दिवस आधी थांबवतात. जुना खोकला, बद्धकोष्ठ आणि लघवीला जोर करावा लागणं यांचा इलाज आधी करा, नाहीतर रोजचा ताण नव्या जाळीवर येतो.

ऑपरेशननंतर वयस्कर पुरुषांना सगळ्यात जास्त छळते ती तुंबलेली लघवी. प्रोस्टेट वाढलेलं असतं, त्यात कमरेतल्या भुलेने मूत्राशय सुस्तावतं. जागेवरच्या भुलेत हा त्रास सगळ्यात कमी. सहा तासांत लघवी झाली नाही तर नर्सला सांगा, पोट फुगेपर्यंत थांबू नका. रात्री माणूस बरळायला लागला तर घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा. चष्मा आणि कानाचं मशीन शुद्धीवर येताच परत द्या, ओळखीचं माणूस जवळ बसवा. त्याच संध्याकाळी धरून चालवा.

मोठ्या हर्नियात, विशेषतः दुर्बिणीनंतर, आठवड्याभरात त्याच जागी पुन्हा फुगा दिसतो आणि घरचे म्हणतात, 'परत आला!' बहुतेक वेळा ते रिकाम्या जागेत साठलेलं पाणी असतं, खोकल्याने ते मोठं होत नाही. सर्जनना एकदा दाखवा. सहसा 6 ते 8 आठवड्यांत आपोआप जिरतं. सुईने काढायचा आग्रह धरू नका, जाळीपाशी जंतू जाऊ शकतात. पण ऑपरेशनच्या आधी असो वा नंतर, गाठ कडक झाली, आत जाईना, दुखू लागली आणि उलट्या सुरू झाल्या, तर दाबत बसू नका, काही खायला-प्यायला न देता तडक हॉस्पिटल गाठा.