जुना गेमिंग संगणक: आधी निदान, मग खरेदी

गेम अडखळू लागला की नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे, असेच मलाही वाटले होते. परंतु पैसे खर्च करण्यापूर्वी मी खेळताना दोन आकडे पडद्यावर ठेवले, तेव्हा ग्राफिक्स कार्ड जेमतेम ६० टक्के काम करत असून प्रोसेसरचा एक कोर (त्यातील गणना करणारा एक भाग) सतत १०० टक्क्यांवर असल्याचे दिसले. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून ग्राफिक्स कार्डाचा भार कमी केला, तरी दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रे) वाढल्या नाहीत. दोष प्रोसेसरकडेच होता.

माझा रायझन ५ १६०० हा २०१७ सालचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार (मोफत सुरक्षा अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे थांबण्यात अर्थ उरला नव्हता. सुदैवाने मदरबोर्डचे एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) रायझन ७ ५८००एक्स३डी स्वीकारते, ज्यात ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान स्मृती) आहे. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे मात्र अत्यावश्यक, अन्यथा नवा ओळखलाच जात नाही.

कूलर काढताना खरी काळजी घ्यावी लागली. वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपामुळे) प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि त्याच्या पिना वाकतात, म्हणून पेस्ट मऊ व्हावी यासाठी मी संगणक अर्धा तास चालवून गरम केला, बंद करून वीजजोडणी काढली आणि कूलर सरळ न ओढता डावीउजवीकडे हळूहळू फिरवत सोडवला.

आता तेच ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या वर काम करते. त्याची पाळी पुढे येईल.