उपास असा करा की शरीराला कळेल

इंदूरला राजेंद्रनगरात मी आहारतज्ज्ञ म्हणून बसते. संकष्टी-एकादशी नेमानं करणाऱ्या काकू विचारतात, "ताई, एवढे उपास करून शुगर का उतरत नाही?" मी आधी विचारते, उपासाला खाता काय?

आपल्या सराफ्याच्या खाऊगल्लीतली खिचडी आठवा. वाफेवर फुललेला साबुदाणा, वर मूठभर फराळी मिक्श्चर, बटाट्याचा कीस. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० च्या आसपास कॅलरी, आणि जवळजवळ नुसता स्टार्च. त्यापेक्षा वाटीभर भगर, दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर बरी. साठीनंतर तर दही-दाणे टाळूच नका, प्रथिनं कमी पडली की स्नायू झडतात.

पण खरी सुरुवात घड्याळापासून. रात्री ७ ला जेवण, सकाळी ९ ला पोहे. मधले १४ तास फक्त पाणी. रात्री जागणाऱ्या आपल्या शहरात हेच सगळ्यात अवघड, म्हणून आधी १२ तासच पाळा. एवढ्या वेळात इन्सुलिन खाली येतं, यकृतातला साखरेचा साठा वापरला जातो, चरबी जळू लागते. पेशी आपलेच बिघडलेले भाग मोडून पुन्हा वापरतात. याची यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. मात्र त्यांचं ते काम यीस्टवरचं. त्यावरून कुणी १६ तासांत तारुण्य विकत असेल तर पैसे देऊ नका.

माणसांवर खाणं कमी करण्याचा मोठा प्रयोग म्हणजे अमेरिकेतला 'कॅलरी' (CALERIE) नावाचा. सुमारे २२० निरोगी लोक, दोन वर्षं. खाणं २५ टक्के कमी करायचं ठरलं, जमलं जेमतेम १२. तरी बीपी, कोलेस्टेरॉल उतरलं आणि रक्तातल्या खुणांवरून मोजलेला म्हातारपणाचा वेग २-३ टक्क्यांनी मंदावला. त्यात उपास नव्हता, रोजचं खाणं कमी होतं. म्हणून मी म्हणते, दिवसभर उपाशी राहून रात्री दुप्पट जेवलात तर हाती काही लागत नाही.

शुगरची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांकडून डोस ठरवून घेतल्याशिवाय एक जेवणही चुकवू नका. घाम फुटला, हात थरथरले तर शुगर फार उतरली समजा, लगेच साखर-पाणी घ्या. उपास मोडला म्हणून देव कोपत नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि आधीच काटकुळ्या बायकांनी या वाटेला जाऊच नये.

आजच कंबर मोजून वहीत लिहा, बीपी आणि उपाशीपोटीची शुगरही. तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करून वही घेऊन या.