रेसिडेन्सीला अमेरिकेत येताय? मग आधी ईएचआरशी गट्टी करा

मार्चमध्ये मॅचचा (कुणाला कुठल्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी मिळाली त्याचा) निकाल लागला की माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. ताई अपार्टमेंट कुठे बघू, गाडी विकत घेऊ का लीजवर, क्रेडिट हिस्टरी कशी बनते, कुकर आणू का. याची उत्तरं द्यायला इथे शंभर हौशी लोक बसलेत, त्यामुळे मी त्यात पडत नाही (कुकर आणा, बास). पण पहिल्या दिवशी वॉर्डात समोर जी ईएचआरची (पेशंटचा सगळा रेकॉर्ड आणि ऑर्डर जिच्यात असतात त्या कॉम्प्युटर सिस्टीमची) स्क्रीन येणारे तिचं काय करायचं हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. मी इथे एका टीचिंग हॉस्पिटलमध्ये पेशंट बघते आणि रेसिडेंट्सना क्लिनिकल इन्फर्मेटिक्स (पेशंटच्या कामात कॉम्प्युटर आणि माहिती नीट वापरायचं शास्त्र) शिकवते, आणि दर जुलैला आपल्याकडची हुशार, भरपूर स्कोअर असलेली मुलंमुली त्याच त्या ठिकाणी अडखळताना बघते, म्हणून हे लिहितेय.

पहिली अडचण डोक्यातली असते. आपल्याकडे मोठ्या सरकारी हॉस्पिटलात काम केलेल्यांना वाटतं की टायपिंग हे क्लार्कचं काम, आपण डॉक्टर, आपण पेशंट बघणार. तिथे आपण केसपेपरवर दोन ओळी खरडतो, सिस्टरना तोंडी सांगतो, आणि काम होतं. इथे सिस्टीममध्ये ऑर्डर नाही म्हणजे औषध नाही, रक्त तपासणी नाही, एक्सरे नाही. खरी इमर्जन्सी सोडली तर तोंडी ऑर्डरला नर्स नम्रपणे नाही म्हणते, आणि ती बरोबर असते. इंटर्न (इथे पहिल्या वर्षाचे रेसिडेंट) लोकांच्या मागे घड्याळ घेऊन फिरून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये छापून आला होता, त्यात २४ तासांतले साधारण ३ तास प्रत्यक्ष पेशंटजवळ आणि जवळपास १६ तास ऑर्डर, नोट्स, फोन, चार्ट वाचणं असल्या कामात गेलेले दिसले. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याचा स्क्रीनवर हात बसलाय तो पेशंटजवळ जास्त वेळ बसू शकतो आणि ज्याचा बसला नाही तो रात्री दहापर्यंत नोट्स लिहीत बसतो, हे मी दरवर्षी बघते.

हे सगळं फार जुनंही नाही बरं का. २००९ च्या हायटेक कायद्याने सरकारने हॉस्पिटलांना पैसे द्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे सगळे धडाधड कॉम्प्युटरवर आले, त्याआधी इथेही बहुतेक ठिकाणी कागदच होता. आणि एवढं होऊनही शेजारच्या क्लिनिककडून रिपोर्ट अजून फॅक्सने येतो. चंद्रावर माणूस पाठवणारा देश, असो.

जूनमध्ये ओरिएंटेशनला ईएचआरचं ट्रेनिंग असतं. ऑनलाइन मॉड्यूल आणि मग क्लास. आपली मंडळी काय करतात, मॉड्यूल एका खिडकीत चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत फर्निचर शोधतात. नका करू. खरं ट्रेनिंग मात्र दोनतीन आठवड्यांनी असतं, जेव्हा तुम्हाला कळलेलं असतं की आपल्याला काय येत नाही. बहुतेक हॉस्पिटलात त्यासाठी माणसं असतात, ती शेजारी बसून तुमची पेशंट लिस्ट, नेहमीच्या ऑर्डरची यादी, शॉर्टकट सगळं लावून देतात, आणि त्यांच्याकडे कुणी जात नाही कारण विचारलं तर मठ्ठ वाटू असं सगळ्यांना वाटतं. जा. एक तास घालवा.

आणि सिस्टीम एकच असेल असं धरून चालू नका. मुख्य हॉस्पिटलात एपिक, दुसऱ्या रोटेशनला सर्नर (२०२२ मध्ये ओरॅकलने विकत घेतलंय पण सगळे अजून सर्नरच म्हणतात), आणि व्हीएला (माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात) गेलात तर बऱ्याच ठिकाणी त्यांची जुनी सीपीआरएस. व्हीएचं तर लॉगिन मिळायलाच बोटांचे ठसे, बॅज, बॅकग्राउंड चेक असं बरंच काही लागतं, तेव्हा त्यांचा ईमेल आला की त्याच दिवशी उत्तर द्या. रोटेशनच्या पहिल्या दिवशी लॉगिन नसलेला रेसिडेंट म्हणजे नुसता उभा माणूस.

आता औषधांची नावं. हे इथे जन्मलेल्या ट्रेनरला सुचतच नाही म्हणून कुणी शिकवत नाही. पॅरासिटामॉल इथे अॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, अॅड्रिनॅलिन एपिनेफ्रिन, नॉरअॅड्रिनॅलिन नॉरएपिनेफ्रिन, पेथिडिन मेपेरिडिन. परीक्षेसाठी तुम्ही हे पाठ केलेलं असतं पण रात्री तीन वाजता बोटं जुनंच नाव टाइप करतात, आणि मग सर्चमध्ये काहीतरी भलतंच वर येतं आणि घाईत पहिल्या ओळीवर क्लिक होतं. त्यामुळे नियम एकच: नाव, डोस, रूट, किती वेळा, चारही वाचल्याशिवाय साइन करायचं नाही. इन्सुलिनच्या पुढे नुसता यू लिहायचा नाही, पूर्ण युनिट्स. एक मिलिग्रॅम लिहायचं तर पुढे पॉइंट शून्य नको, पॉइंट दिसला नाही की दहा होतात. वजन पेशंट पाउंडात सांगतो, डोस किलोवर असतो, तेव्हा चार्टमधलं वजन मोजलेलंय का पेशंटने सांगितलेलं ते बघा, १८० आकडा दिसला तर एकदा बेडवरच्या माणसाकडेही बघा. तारीख आधी महिना मग दिवस. इथल्याच दुसऱ्या हॉस्पिटलांचे जुने रिपोर्ट वाचताना ५/६ म्हणजे मे महिना, जून नव्हे.

नोट्सबद्दल मला बरंच बोलायचंय. तुमचा सीनियर प्रेमाने म्हणेल की माझे शॉर्टकट घे, तीन अक्षरं टाइप केली की पानभर नॉर्मल एक्झाम येते. घेऊ नका. म्हणजे साचा घ्या, पण त्यात आधीच तपासली म्हणून लिहिलेली प्रत्येक गोष्ट काढून टाका आणि तुम्ही जे खरंच तपासलंय तेवढंच भरा. पाय कापलेल्या माणसाच्या नोटमध्ये दोन्ही पायांच्या पल्स व्यवस्थित लागतात असं लिहिलेलं असतं, हा विनोद नाहीये, हे असंच होतं. कालची नोट आज कॉपी करणं तर साथीचा रोग आहे. ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस चार दिवस चालू राहतो, बंद केलेलं अँटिबायोटिक नोटमध्ये चालूच असतं, आणि वीकेंडला कव्हर करणारा परका डॉक्टर तेच खरं धरतो. उद्या केस कोर्टात गेली तर कुठली ओळ कधी आणि कुठून कॉपी झाली हेही शोधून काढता येतं. सीनियर लोक म्हणतील बिलिंगसाठी लांब नोट लागते. ते जुनं झालं. २०२१ पासून ओपीडीत आणि २०२३ पासून अॅडमिट पेशंटसाठीही नियम बदललेत, हिस्टरी आणि एक्झामचे मुद्दे मोजत नाहीत, तुमचा विचार किती गुंतागुंतीचा होता किंवा किती वेळ गेला यावर ठरतं. म्हणजे अॅसेसमेंट आणि प्लॅन नीट लिहा, बाकी आखूड ठेवा. आपल्याकडच्या मुलांचा प्लॅन बऱ्याचदा तोंडात उत्तम असतो आणि नोटमध्ये दोन शब्द, कारण सर समजून घेतात ही सवय. इथले सर समजून घेत नाहीत.

आणि ही नोट पेशंट वाचतो! क्युअर्स कायद्याच्या नियमामुळे एप्रिल २०२१ पासून थोडे अपवाद सोडले तर नोट्स आणि रिपोर्ट पेशंटच्या फोनवर लगेच जातात. बायॉप्सीचा निकाल तुमच्याआधी त्याने बघितलेला असू शकतो, तेव्हा तपासणी पाठवतानाच सांगून ठेवा की रिपोर्ट तुम्हाला आधी दिसेल, वाईटही असू शकतो, मी अमुक दिवशी फोन करेन. पेशंटबद्दल चिडून लिहू नका. ऐकत नाही, नीट सांगत नाही, असलं लिहिण्यापेक्षा औषध परवडत नाही म्हणून घेत नाही हे विचारून लिहिलंत तर पुढच्याला उपयोग होतो.

अलर्टचं एका परिच्छेदात सांगते. दिवसभर खिडक्या उघडतात, त्यातल्या बऱ्याच निरुपयोगी असतात आणि तुम्ही न वाचता बंद करायला शिकाल, सगळेच शिकतात. निदान अॅलर्जी, किडनी आणि रक्त पातळ करणारी औषधं या तीन खिडक्या वाचा. उलट सेप्सिसचा वगैरे स्कोअर लाल झाला नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. एपिकच्या सेप्सिस मॉडेलची मिशिगनमध्ये बाहेरून तपासणी झाली होती, २०२१ मध्ये छापून आली, त्यात मॉडेलने दोन तृतीयांश सेप्सिसचे पेशंट पकडलेच नव्हते. पेशंट खराब दिसतोय तर खराब आहे. जो अलर्ट रोज चुकीचा येतो त्याचं आयटीकडे तिकीट (लेखी तक्रार) टाका, नुसतं कॅफेटेरियात शिव्या देऊन तो बदलत नाही.

आता ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं ते. ज्या पेशंटशी तुमचा कामाचा संबंध नाही त्याचा चार्ट उघडायचा नाही. परत वाचा. स्वतःचाही नाही, बऱ्याच हॉस्पिटलांचा तसा नियम असतो. नवऱ्याचा नाही, बायकोचा नाही, रूममेटचा नाही, टीव्हीवर बातमी आलेल्या अॅक्सिडेंटवाल्याचा नाही. सिस्टीम सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनच्या वहीसारखी प्रत्येक नोंद ठेवते, कोण आलं, किती वाजता, कुठलं पान उघडलं, आणि आडनाव सारखं असलं किंवा पत्ता एकच असला की ती नोंद आपोआप वर येते. आपल्याकडचा एक मुलगा, अतिशय चांगला, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. बायको त्याच हॉस्पिटलात अॅडमिट होती, रात्री काळजीपोटी त्याने तिचे रिपोर्ट बघितले. तिची परवानगी होती की, ती स्वतः सांगत होती. काही उपयोग झाला नाही, योग्य मार्ग पोर्टलचा (पेशंट स्वतःच्या लॉगिनने रिपोर्ट बघतो तो) होता, तिच्या फोनवर दोन मिनिटांत दिसलं असतं. त्याला प्रोबेशनवर टाकलं. प्रोबेशन म्हणजे काय हे आपल्याकडच्यांना कळत नाही, वाटतं मेमो मिळाला, विषय संपला. तसं नसतं. पुढे राज्याच्या लायसन्सच्या फॉर्मवर, फेलोशिपच्या अर्जावर, नोकरीच्या क्रेडेन्शियलिंगमध्ये प्रश्न असतो की ट्रेनिंगमध्ये कधी शिस्तभंगाची कारवाई झाली होती का, आणि दरवेळी खुलासा जोडावा लागतो. आणि नोकरीच गेली तर व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला आहे हे विसरू नका.

यात आपल्या मंडळाची काकूमंडळी मोठा धोका आहेत, खरंच सांगते. गणपतीत भेटतील, मोदक वाढतील आणि म्हणतील अगं तू तिथेच आहेस ना, माझा एमआरआय आला का बघून सांग ना. नाही म्हणायला जीभ वळत नाही, आपले संस्कार आडवे येतात. काकू पोर्टलवर बघूया, मी लॉगिन करायला शिकवते, असं म्हणा आणि त्यांच्याच फोनवर करून द्या. त्या रागावतील. रागावू देत.

त्याच रांगेतल्या बाकीच्या गोष्टी: ईसीजीचा फोटो बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही, नाव झाकलं तरी नाही. पेशंटची हिस्टरी चॅटजीपीटीत पेस्ट करून नोट लिहून घ्यायची नाही, हॉस्पिटलने दिलेलं एआय टूल असेल तर तेच वापरा आणि त्याने लिहिलेलं प्रत्येक वाक्य वाचा, कारण सही तुमची आहे. आणि लॉगिन कुणाला द्यायचं नाही, मैत्रीण कितीही घाईत असली तरी.

घरून नोट्स लिहिल्या तर ते तासही आठवड्याच्या ८० तासांच्या मर्यादेत धरायचे असतात, नियमच तसा आहे. आपली मुलं ते तास लिहीत नाहीत, आपण स्लो आहोत हे दिसेल म्हणून. लिहा.

सिस्टीम बंद पडते. जुलै २०२४ मध्ये एका सदोष सॉफ्टवेअर अपडेटने जगभरची हॉस्पिटलं एका दिवसात अडकली होती, आणि सायबर हल्ल्यात तर आठवडेच्या आठवडे कागदावर काम करावं लागतं. वॉर्डात डाउनटाइमचे फॉर्म आणि सिस्टीम बंद असतानाही चार्ट वाचता येणारा तो एक खास कॉम्प्युटर कुठे आहे हे आधीच विचारून ठेवा. कागदावर ट्रीटमेंट शीट लिहिणं इथल्या मुलांनी कधी केलेलंच नसतं, त्या दिवशी आपलीच मंडळी वॉर्ड चालवतात, हे बघताना मला मनापासून मजा येते.

शेवटी, हेच करिअर करायचं असेल तर. क्लिनिकल इन्फर्मेटिक्स ही इथे २०११ मध्ये सबस्पेशालिटी म्हणून मान्य झाली, बोर्डाची पहिली परीक्षा २०१३ ला, फेलोशिप दोन वर्षांची, आणि कुठल्याही स्पेशालिटीतून जाता येतं. कोडिंग यायला लागत नाही, आयटीतला मेहुणा काय म्हणतो ते सोडून द्या. रेसिडेंट असताना ऑर्डर सेटच्या (एका आजारासाठी एकत्र लावून ठेवलेल्या ऑर्डरच्या) कमिटीत बसा, एखादा त्रासदायक अलर्ट दुरुस्त करून आधी आणि नंतरचे आकडे मांडा, इलेक्टिव्ह मागून घ्या, अर्जात तेच बोलतं. फक्त जे-वन व्हिसावाल्यांनी गणित करा: एकूण मुदत साधारण ७ वर्षं, इंटर्नल मेडिसिन ३ अधिक इन्फर्मेटिक्स २ बसतं, पण मध्ये कार्डिऑलॉजीची ३ घातलीत तर ८ होतात. आणि वेव्हरच्या (ट्रेनिंगनंतर मायदेशी परत जायची जे-वनची अट माफ करून घेण्याच्या) नोकरीत तीन वर्षं पूर्णवेळ पेशंट बघायचे असतात, तेव्हा अर्धा वेळ इन्फर्मेटिक्स देऊ असं कुणी म्हणालं तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला काँट्रॅक्ट दाखवा, एचआरच्या शब्दावर जाऊ नका.